कारखान्यात रॅपिअर येणार, हे कामगारांना कसं सांगायचं? (टॉवेल, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

पगारपत्रक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय असं सगळं बघते. कार्डावर एचआर छापलंय. प्रत्यक्षात पगाराच्या दिवशी खिडकीत बसून बोलणी खाणारी बाई म्हणजे मी.

आमच्याकडे शटलचे, म्हणजे धोट्याचे, ३२ माग आहेत. त्यातले १६ विकून त्या जागी ८ रॅपिअर (बिनधोट्याचे नवे माग) बसणार. गड्ड्याची जत्रा उरकली की मशीन येईल, असं धाकटे मालक म्हणतात. सध्या एक विणकर दोन माग बघतो, १२ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे विणकर ३२. पुढे शटलच्या १६ मागांवर ८ माणसं आणि रॅपिअरवर माणशी ४ माग धरून २, असे पाळीला १०. पण पाळ्या ८ तासांच्या तीन करायच्या आहेत, म्हणजे ३० माणसं लागणारच. दोघंजण वयामुळे तसेही काम सोडणार आहेत. म्हणजे एकाही विणकराला काढायचं नाही. हे खरं आहे, मांडणी मीच केलीय.

गाडं अडतंय ते दोन ठिकाणी. १२ तासांत जो पगार पडतो तो ८ तासांत पडायचा तर नगाचा दर वाढवायला हवा. किती, ते मालकांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आणि दुसरं, कांडी खातं, म्हणजे धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायचं काम. रॅपिअरला धोटा नाही, सूत थेट कोनवरून जातं, त्यामुळे कांडीचं काम निम्म्यावर येणार. आज तिथं ११ बायका आहेत. त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. म्हणून मालकांचं म्हणणं असं की तो विषयच काढू नका, विणकरांपुरतं सांगा.

थोरल्या मालकांची पद्धत साधी: नोटीस लाव, मोकळी हो. धाकटे इंजिनिअरिंग करून आलेत, त्यांनी २२ स्लाइडचं इंग्रजी प्रेझेंटेशन केलंय. पहिल्याच पानावर वर जाणारा बाण आणि ‘ट्रान्सफॉर्मेशन जर्नी’. मला ते मराठीत करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितलंय. ग्रुपवर निम्मी माणसं आहेत. उरलेल्यांकडे साधा फोन, नाहीतर फोन पोरांच्या हातात. विणकरांच्या घरात बोलणं तेलुगूत, पॅकिंगच्या चारपाच बाया उर्दू बोलणाऱ्या, डाइंगला अक्कलकोटकडची कन्नड पोरं. माझी तेलुगू ‘अन्नम तिन्नावा’च्या (जेवलास का) पुढे जात नाही.

इकडे बातमी कधीच फुटलीय. एक म्हणतो कारखाना विकला. दुसरा म्हणतो चिंचोळी एमआयडीसीला हलवणार. तिसऱ्याच्या मेहुण्यानं इचलकरंजीत ऐकलं की तिकडून रॅपिअर चालवणारी पोरं येणार आहेत. गेल्या शनिवारी सात-आठ जण ‘माझ्या उचलीची बाकी किती’ म्हणून विचारून गेले. ज्याला सोडून जायचं असतं तोच हे विचारतो, हे मला आता पाठ झालंय. आमच्या जॉबरला (माग बसवणारा-दुरुस्त करणारा) शेजारच्या युनिटमधून फोन आलेत, हेही कानावर आहे.

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. कुणी सांगायचं, कधी, किती? आणि जे ठरलेलंच नाही त्याबद्दल बोलायचं की गप्प बसायचं?

---

अशोकचौक_कट्टा

नोटीस बोर्ड कोण वाचतंय बे? आमच्या कारखान्यात बोर्डावर अजून मागच्या दिवाळीच्या सुट्टीची नोटीस लटकून हाय, तिच्यावर कुणीतरी मिशा काढल्यात.

ताई, तुमच्याकडं मशीन जत्रेनंतर येणार, पण टपरीवर ते बसून चालू पण झालंय. माणसं हिशेब करायलेत. तुम्ही सांगितलं नाही तर चहावाला सांगेल, आणि तो कांडीच्या बायकांपासून सुरुवात करेल, कारण गंमत तिथंच हाय की.

आणि ते २२ पानं छापून टॉवेल पॅक करायला घ्या.

---

विव्हिंग_मास्तर

ताई, नमस्कार. विव्हिंग खात्यात आयुष्य गेलं, आता घरी असतो. जॅकार्ड बसवले, डॉबी काढल्या, रॅपिअरही बसवले. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पहिलं म्हणजे जॉबर. मालकांनी त्याला आदल्या संध्याकाळी घरी बोलवावं, चहा द्यावा आणि सगळं सांगावं. सगळं म्हणजे कांडीचंही, दराचंही. माग बिघडला की विणकर त्याला हाक मारतो, सुट्टी हवी असली तरी त्याच्याच तोंडाकडे बघतो. सकाळी मीटिंग सुटल्यावर माणसं मालकांकडे जात नाहीत, जॉबरकडे जातात आणि विचारतात, ‘अण्णा, खरं काय?’ त्या वेळी तो ‘मलाही आत्ताच कळलं’ म्हणाला तर तुमची मीटिंग फुकट गेली. शिवाय रॅपिअरवर त्याचं स्वतःचं काय? शटलच्या मागाची पिकिंग (धोटा फेकायची यंत्रणा) बसवण्यात हयात गेलेल्या माणसाला इलेक्ट्रॉनिक पॅनल बघून घाम फुटतो. कंपनीचा माणूस मशीन बसवायला येईल तेव्हा त्याच्या हाताखाली आमचा जॉबर असेल, बाहेरचा नाही, हे त्याला त्याच संध्याकाळी सांगून टाका. शेजारच्या युनिटचे फोन आपोआप कमी होतील.

दुसरं, माग बंद करून बोला. शेडमध्ये माग चालू असताना कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, आमची माणसं खुणांनी बोलतात. पण माग बंद म्हणजे नग बंद, आणि नग बंद म्हणजे पगार बंद. पीसरेटवरच्या (नगावर पगार मिळणाऱ्या) माणसाला अर्धा तास उभं करून ऐकवायचं आणि तो अर्धा तास त्याच्याच खिशातून कापायचा, हे मी पाहिलंय. सगळी माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्या अर्ध्या तासाचे पैसे सरासरीनं धरा आणि मालकांनी बोलायला सुरुवात करतानाच ते जाहीर करावं.

रात्रपाळीला त्याच दिवशी, त्याच माणसानं सांगायचं. मालकांनी एक दिवस रात्री कारखान्यात यावं. एरवी रात्रपाळीला सगळंच दुसऱ्याच्या तोंडून कळतं आणि सकाळच्या पाळीशी गेटवर गाठ पडते तेव्हा वाद होतात.

बोलायचं थोरल्या मालकांनी. त्यांना तेलुगू येत असणारच. अशोक चौकातल्या कुठल्याही जुन्या टॉवेलवाल्याला येते. धाकट्यांनी शेजारी उभं राहावं आणि मशीनविषयी विचारलं तर उत्तर द्यावं.

आता पगार. हे मोघम सांगू नका. ‘कुणाचं नुकसान होणार नाही’ हे वाक्य या गावात गिरण्या बंद पडताना लोकांनी भरपूर ऐकलंय. जुनी मिल १८७७ ची, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि त्या बंद पडल्या तेव्हा ज्यांचे बाप घरी बसले त्यांची पोरं आज तुमच्या मागांवर आहेत. त्यांना आकडा हवा. तुमच्याकडे पगारपत्रकं आहेतच. प्रत्येक विणकराचे मागचे चार आठवडे घ्या. समजा, एखाद्याचा आठवडा १२ तासांच्या पाळीनं ३,६०० चा पडतो. त्याच माणसाचं ८ तासांत किती कापड निघेल ते काढा, त्याला नवा दर लावा, आणि जुना आकडा व नवा आकडा एकाच चिठ्ठीवर शेजारी शेजारी लिहून त्याच्या हातात द्या. नवा आकडा कमी येत असेल तर तोही लिहा. ३,६०० चे ३,३०० होत असतील आणि चार तास रोज घरचे मिळत असतील, तर कितीतरी माणसं त्याला हो म्हणतील. काही नाही म्हणतील. पण चिठ्ठीच नसेल तर त्याच्या डोक्यात सरळ एक तृतीयांश पगार गेलेला असतो, कारण १२ चे ८ झाले एवढंच त्याला दिसतं.

म्हणजे दर ठरल्याशिवाय मीटिंग घेऊ नका. आधी मालकांच्या डोक्यातला दर कागदावर आणा, मग माणसांना बोलवा.

रॅपिअरवर जाणाऱ्यांसाठी अजून एक. सुरुवातीला माग सारखे थांबतात. सूत तुटतं, सेन्सर ओरडतो, माणसाला आधी कुठं धावायचं ते कळत नाही. तेवढे आठवडे जुनी सरासरी बांधून द्या. ते न करता नवा दर लावला की पहिल्याच पगाराला माणूस म्हणतो, मला माझे शटल द्या.

आता अंगठ्याची गोष्ट. एका कारखान्यात (नाव नको) मालकांनी रविवारी गेटजवळ अंगठ्याचं हजेरी मशीन बसवलं. सोमवारी माणसं आली तर वॉचमन म्हणतो, आता इथं अंगठा. कशासाठी, कधीपासून, जुनं हजेरीबुक चालू का बंद, काही नाही. डाइंगच्या पोरांचे अंगठे लागेचनात. रोज केमिकलमध्ये हात, बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतंय, मागं रांग, आणि साडेसातनंतर अर्धा दिवस खाडा. दोन पगार असेच कापले गेले. मग डाइंग काम बंद करून बसलं, त्यांच्यामागे विव्हिंग बसलं. मशीन वाईट नव्हतं. डाइंगच्या एका पोराला आधी नुसतं हात लावून बघायला सांगितलं असतं तरी त्याच दिवशी कळलं असतं की ह्या खात्याला कार्ड द्यायला पाहिजे. माणसांना आधी सांगायचं ते त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे. आपल्याला न दिसणारी अडचण त्यांना दिसत असते म्हणून.

अहमदाबादचं एक उदाहरण डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी सांगितलं होतं. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन वाढेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथं गेले. एका शेडमध्ये २२४ माग, २९ कामगार, आणि त्या २९ जणांत १२ प्रकारची कामं. जो तो आपापल्या कामापुरता, एका मागाला सगळे मिळून जबाबदार असं कुणीच नाही. त्यांनी सुचवलं की थोड्या मागांना मिळून एक टोळी करून बघा. हे कानावर पडताच कामगारांनी आपल्या आपणच टोळ्या जुळवल्या, कोण कुणाबरोबर ते स्वतः ठरवलं. पुढे उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. तुमच्याकडे ८ रॅपिअर येणार आहेत. त्यावर पहिली सहा माणसं (पाळीला दोन) कोण जाणार हे ऑफिसातून ठरवू नका. विणकरांना आणि जॉबरला मिळून नावं द्यायला सांगा. सगळंच ठरवून झाल्यावर ‘तुमचं मत सांगा’ म्हणणं लोकांना बरोबर ओळखता येतं. म्हणून एक तरी गोष्ट खरोखर त्यांच्या हातात ठेवा.

कांडीचं शेवटी लिहितो. तुमचे मालक म्हणतात ठरलं नाही म्हणून बोलू नका. मला विचाराल तर त्या ११ जणींना विणकरांच्याही आधी सांगायला हवं. ‘तुमचं काम निम्म्यावर येणार आहे. कुणाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. अमुक तारखेपर्यंत ठरवून सांगतो, तोवर कुणाला कामावरून कमी करणार नाही.’ एवढं पुरे. तारीख मात्र खरी द्या.

आणि काम आहे, ताई. रॅपिअरवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत दोन्ही कडांना कापलं जातं, शटलसारखी पक्की किनार येत नाही. टॉवेलच्या लांब बाजूही शिवाव्या लागणार. आज तुमच्याकडे फक्त रुंदीकडची शिलाई होत असेल. म्हणजे कांडी कमी होते तिथं शिवण वाढते. हे धाकट्या मालकांच्या २२ पानांत कुठं आहे का, बघा बरं.

---

एमबीए_पण_इथलाच

मास्तरांनी अहमदाबाद सांगितलं, मी त्याला जोड देतो. आम्हाला कॉलेजात संस्थेत बदल घडवायच्या कॉटरच्या ८ पायऱ्या पाठ करायला लावल्या होत्या. परीक्षेत मार्क पडले, पुढे कधी उपयोग झाला नाही. उपयोगी पडलं ते त्याच्याही आधीचं एक साधं संशोधन.

अमेरिकेत व्हर्जिनियात हारवूड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता. कामगार बहुतेक बायका, पीसरेटवर. तिथं काम बदललं की माणसं सोडून जायची. कोच आणि फ्रेंच या दोघांनी एक प्रयोग केला, १९४८ साली तो छापून आला. बदल अगदी किरकोळ होते, उदाहरणार्थ इस्त्री झालेले पायजमे रचून ठेवायची पद्धत. एका गटाला नुसतं सांगितलं की उद्यापासून असं करायचं आणि दर असा. दुसऱ्या गटानं आपले प्रतिनिधी निवडले, नवी पद्धत आणि दर त्यांच्याबरोबर बसून ठरवले. आणखी दोन लहान गटांत सगळ्यांनाच त्यात घेतलं. नुसतं सांगितलेल्या गटातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत सोडून गेले, उरलेल्यांनी काम मुद्दाम रोखून धरलं. सगळ्यांना सामील केलेल्या गटांतून कुणी गेलं नाही, आणि उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं.

ध्यानात घ्या, सांगितलं सगळ्यांनाच होतं, नुसतं सांगितलेल्या गटालाही कारण समजावलं होतं. फरक पडला तो दर ठरवताना कोण टेबलाशी बसलं होतं त्यानं. मास्तर म्हणतात दर आधी कागदावर आणा. मी म्हणेन, आणा, पण पेन्सिलनं. दोन विणकर बोलावून त्यांच्यासमोर गणित करा.

---

नियमावली

पगारपत्रक ताई, सगळे चांगलं सांगतायत, पण एक कागद राहतोय.

सेवाशर्ती बदलायच्या असतील तर कामगारांना आधी सूचना द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम ९-अ होतं: सूचना दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल लागू करता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची अट तशीच आहे, कलम ४०. यादीत काय काय येतं ते वाचा: वेतन, कामाचे तास, पाळ्यांमधला बदल, नव्या यंत्रामुळे माणसं कमी होण्याची शक्यता असेल तर तेही, आणि एखाद्या खात्यातली माणसं कमी-जास्त करणं. तुमच्याकडे यातलं सगळंच आहे. कांडीचा विषय काढायचाच नाही हा मालकांचा पवित्रा त्यामुळे कायद्यातही बसत नाही. तुमच्या युनिटला नेमकं काय लागू होतं ते सल्लागाराकडून किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून तपासून घ्या, कापड धंद्याला महाराष्ट्रात वेगळे नियमही राहिलेत.

वर्षभर सलग नोकरी झालेल्या कुणाला कमी करायची वेळ आलीच, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई. ११ पैकी पाच बायका आणि प्रत्येकीची १०-१५ वर्षं धरा, आणि हा आकडा मालकांसमोर ठेवा. शिलाई मशीन स्वस्त वाटायला लागेल.

सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हवी. हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं, नवीन काही नाही. तेव्हा तेलुगूतला कागद लावाच. तेलुगू शाळेत शिकलेला कुणीतरी तुमच्याच पॅकिंगमध्ये सापडेल.

१२ तासांच्या पाळीबद्दल तुम्ही इथं उघड्यावर लिहिलंत, त्यावर मी काही बोलत नाही. ८ तासांच्या पाळ्या येतायत ते बरंच आहे.

---

कांडीवालीची_लेक

मी एरवी इथं लिहीत नाही. आई कांडी भरते, तुमच्या कारखान्यात नाही, दुसऱ्या. आम्ही विडी घरकुलला राहतो. वरचं सगळं मी तिला वाचून दाखवलं, तेलुगूत सांगितलं. तिला जे वाटलं ते लिहिते.

‘काम जाणार’ ऐकून ती फार दचकली नाही. शेजारच्या दोन कारखान्यांत झालंय, तिला माहीत आहे. तिनं विचारलं ते असं: शनिवारी उचल मिळणार का? पुढच्या महिन्यात काम राहणार की नाही हे कुणाला माहीत नसताना ऑफिस उचल देत नाही, आणि आमच्या घरात शाळेची फी उचलीवर भरतात. तेव्हा तारीख सांगाल तेव्हा उचलीचंही सांगा.

शिलाईवर बसवायचं म्हणताय, ते चांगलं आहे, पण आई म्हणते, पॉवरच्या मशीनची भीती वाटते, ते पळतं. आणि जवळचं दिसत नाही. तिच्या खात्यातल्या सगळ्याच बायका चाळिशीच्या पुढच्या. म्हणजे चष्मा आला. हे कुणी बाई मीटिंगमध्ये मालकांसमोर, विणकरांसमोर बोलणार नाही. बायकांना वेगळं बसवा आणि तुम्ही स्वतः विचारा.

तिसरं पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. पाण्याच्या दिवशी आई उशिरा जाते. कांडीला ते चालतं, कारण आदल्या दिवशी जास्त भरून ठेवता येते. पेटी भरलेली असली की कुणी विचारत नाही. शिलाईच्या लाइनला एक बाई नसली की पुढचं अडतं, मग सुपरवायझर ओरडतो. तुम्ही कांडीच्या बाईला शिलाईवर नेलं तर पगार तोच राहील कदाचित, पण पाण्याचा दिवस जाईल. आई म्हणाली, आधी हे सांगा, मग रॅपिअरचं.

---

पगारपत्रक

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं लिहिलेलं मी प्रिंट काढून थोरल्या मालकांच्या टेबलावर ठेवलं. अंगठ्याच्या गोष्टीवर ते हसले आणि म्हणाले, हा कारखाना मला माहितीय. मग कायद्याचा भाग वाचला, तेव्हा हसले नाहीत.

आतापर्यंत ठरलं ते असं. मालक स्वतः बोलणार, तेलुगूत, दोन्ही पाळ्यांना. अर्ध्या तासाचे पैसे सरासरीनं धरायला तयार झाले, जरा कुरकुर करून. जॉबरला उद्या संध्याकाळी घरी बोलावलंय. दरासाठी दोन विणकर बसवायला धाकट्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, दर एकदा टेबलावर आला की वरच जातो. थोरले म्हणाले, मग तुझं प्रेझेंटेशन कशाला, ते तरी टेबलावर कुठं आलंय. चिठ्ठ्यांचं काम मी सुरू केलंय. खरं सांगायचं तर पाच विणकरांचा आकडा कमी येतोय, सगळे शटलवर राहणारे. ते पाच कागद मालकांना वेगळे काढून दिलेत. दर त्यांच्यावरून ठरेल असं दिसतंय.

कांडीबद्दल मालकांनी एक कबूल केलं: जुने १६ माग शेडमधून बाहेर पडण्याआधी ११ जणींना प्रत्येकीचं काय ते सांगायचं, आणि तोवर उचल नेहमीसारखी. हे मीटिंगमध्ये तेच बोलतील. बायकांना मी वेगळी भेटणार आहे. चष्म्याचं ईएसआयच्या दवाखान्यात विचारते.

पाण्याच्या दिवसाला माझ्याकडे उत्तर नाही. मास्तर, शिलाईत कांडीसारखं साठवून ठेवता येईल असं काही असतं का?

---

विव्हिंग_मास्तर

असतं. लांब बाजूची शिलाई टॉवेल सुटे करायच्या आधी होते. कापड रोलमध्येच असतं, उभ्या पट्ट्या कापायच्या, दोन्ही कडा शिवायच्या आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचं. नंतर आडवं कापून रुंदीची शिलाई. म्हणजे लांब शिलाईवाल्या बाईनं दोन रोल पुढे काढून ठेवले की दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली तरी लाइन अडत नाही. कांडीच्या बायका त्याच कामावर घ्या, रुंदीच्या लाइनला घालू नका. मशीनचा वेग सुरुवातीला कमी ठेवता येतो, मेकॅनिकला सांगा. सरळ शिवण आहे, कोपरा वळवायचा नाही, महिन्याभरात हात बसेल. हो, आणि रोल ठेवायला रॅक लागेल, नाहीतर जमिनीवर टाकतील आणि डाग पडले म्हणून त्याच बायकांवर जाईल.

---

कांडीवालीची_लेक

आईला सांगितलं. ती म्हणाली सरळ शिवण असेल तर जमेल. पैसे नगावर की मीटरवर?

---

पगारपत्रक

मीटरवर धरायचं चाललंय, कारण त्या वेळी नग सुटे झालेलेच नसतात. दर ठरायचाय. विणकरांच्या दराला दोघं बसणार आहेत, तसंच याला कांडीतल्या दोघी बसतील, हे आज मालकांना लिहून देते. आईंना विचाराल का, आठवड्याला किती पडले तर त्या कांडी सोडून येतील?

---

अशोकचौक_कट्टा

आणि त्या २२ पानांचं काय झालं बे?

---

पगारपत्रक

अकरावं पान ठेवलंय. त्यावर रॅपिअरचा फोटो आहे, माणसांना मशीन बघायचंय.